आधी माती बघ

शाळेची फुटबॉल टीम तुझ्याकडे आली, चांगलं झालं. पण अभिनंदनाच्या फोनवरसुद्धा तुझा पहिला प्रश्न हेडगार्डचा होता. कुठल्या कंपनीचं घ्यावं, मुंबईहून मागवावं का, संस्था पैसे देईल का. फोनवर तू नुसतं "हो काका, हो काका" करतोस आणि मग तुला हवं तेच करतोस. म्हणून लिहून पाठवतोय.

हेडगार्ड राहू दे बाजूला. घरात लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर असेल तो खिशात टाक आणि मैदानावर जा. दोन्ही गोलांसमोर, पेनल्टीच्या जागी, मध्यात आणि कोपऱ्यांत तो हाताने दाबून बघ. हातोडी नको, अंगाचा भार नको, नुसत्या मनगटाच्या जोराने. बोटभर सहज आत गेला तर खेळा. टोकच जेमतेम रुतलं तर त्या दिवशी घसरून टॅकल नाही, गोलकीपरची उडी नाही, हवेतल्या चेंडूसाठी दोघांची झुंज नाही. पासिंग घे, ट्रॅपिंग घे, पळव. शिकवायला पुष्कळ असतं.

याचं कारण समजून घे. फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेडर येतो. चेंडू कपाळावर घेतला आणि पोरगं तिथंच आडवं झालं, असं क्वचित होतं. घात होतो तो दोन डोकी एकमेकांवर आदळल्याने, कोपर कानशिलात बसल्याने, खांबावर आपटल्याने आणि जमिनीने. हवेत असताना धक्का लागला की पोरगं पाठीवर पडतं आणि मान सावरायच्या आत डोक्याची मागची बाजू टेकते. खाली काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

आपल्याकडे खाली काय असतं ते तुला माहीतच आहे. काळी माती सप्टेंबरात बुटाला किलोकिलोने चिकटते आणि मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की टाच आत जाते. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी मुरूम टाकतो, रोलर फिरवतो, चुन्याच्या रेघा मारतो. उद्घाटनाच्या फोटोत मैदान झकास दिसतं. पण त्यावर पडून बघ. मी रेल्वेच्या मैदानावर अनवाणी खेळलो आणि नंतर शिट्टी घेऊन पळालो. आखीवरेखीव मुरमाच्या मैदानापेक्षा गवताचे चार पुंजके असलेलं ओबडधोबड मैदान मला केव्हाही परवडलं.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती रोज डोळ्यांसमोर असते. कोल्हापूरला फुटबॉल पेठेपेठेत मुरलाय. आपल्याकडे सोलापुरात मैदान क्रिकेटचं, फुटबॉल उरल्या वेळात. म्हणजे तुझ्या फुटबॉलच्या मैदानाच्या बरोबर मधोमध बावीस यार्डांची पिच असते. ती मातीची असली तरी रोलरने घोटलेली, आणि कितीतरी शाळांत तर सिमेंटची, वर मॅट अंथरायची. सेंटरच्या आसपास उंच चेंडूसाठी सगळ्यात जास्त उड्या पडतात आणि पोरं उतरतात ती या सिमेंटवर. मैदान आखताना ते फिरव. पिच टचलाइनच्या बाहेर गेली तर उत्तम. जागाच नसेल तर सरळ छोटं मैदान आख आणि नवानवांचा खेळ खेळव. पूर्ण मापाच्या मैदानाचा हट्ट जिल्हास्तरावर ठेव, रोजच्या सरावात नको.

गोलसमोरची जागा वेगळी. तिथलं गवत सगळ्यात आधी जातं आणि गोलकीपर दिवसातून पन्नास वेळा तिथंच आपटतो. दोन पोरांना कुदळ दे, गोलपुढचा पट्टा वीतभर खणून भुसभुशीत करून घे, खडे वेचून वाळू मिसळ. पाणी मारायचं तर संध्याकाळी हलकं शिंपड. जास्त मारलंस तर काळ्या मातीचा चिखल होतो, आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तिथं तू मैदानावर पाइप सोडून बसलास तर शेजारच्या बायका तुला सोडणार नाहीत. नवीन गोलकीपरला उडी शिकवायची तर लांब उडीच्या खड्ड्यात शिकव. बहुतेक शाळांत तो असतो आणि वर्षातून आठ दिवससुद्धा वापरात नसतो. आधी गुडघ्यावरून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने. हनुवटी छातीला टेकलेली हवी, म्हणजे डोकं मागे जात नाही. पडायचं कसं हे आपण पोरांना शिकवतच नाही. कुस्तीच्या आखाड्यात वस्ताद पहिल्यांदा तेच शिकवतो.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली की होम मैदानावर, किंवा जत्रा, सभा, लग्न असं काहीही होऊन गेलेल्या कुठल्याही मैदानावर, लगेच चेंडू टाकू नकोस. मांडवाच्या खांबांचे खड्डे, खिळे, तारेचे तुकडे, काचा. पोरांची एक आडवी ओळ कर, हातभर अंतर ठेव, खाली बघत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालव आणि परत फिरव. पोरं कुरकुरतील. चालव.

आता टर्फ. गावात तासावर भाड्याने मिळणारी हिरवी टर्फ झाली आहेत आणि पालकांना वाटतं ते म्हणजे एकदम सुरक्षित. टर्फ चांगलं की वाईट असं नसतं, त्याखाली काय घातलंय ते बघायचं असतं. फिफा ज्या मैदानाला आपला शिक्का देते तिथं धक्का किती शोषला जातो हे यंत्र ठेवून मोजतात. आपल्याकडे काँक्रीटवर गालिचा चिकटवला की झालं टर्फ. गुडघा टेकून बस. खालचं काँक्रीट गुडघ्याला कळतं. गवताच्या पात्यांमध्ये भरलेले रबराचे काळे दाणे गोलसमोर आणि दारापाशी आधी उडून जातात. तिथं बोटाने चाचप, दाणे नसतील तर मालकाला सांग. आणि जाळीचे लोखंडी खांब बघ. रेघेपासून हातभर अंतरावर उघडा पाइप असेल तर त्याला फोम गुंडाळल्याशिवाय पैसे देऊ नकोस. गिऱ्हाइकाने अडून बसल्याशिवाय कुणी फोम लावत नाही.

उन्हाळ्यात टर्फ तापतं, आणि हवेपेक्षा फार जास्त तापतं. आपल्याकडे पारा 43-44 ला गेला की दुपारी त्यावर पोरं नेणं हा अघोरीपणा आहे. हाताची मागची बाजू टेकव. पाच आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर परत फिर. 2015 चा महिलांचा विश्वचषक कॅनडाने पूर्ण कृत्रिम मैदानांवर भरवला तेव्हा जगातल्या नामांकित खेळाडूंनी त्याविरुद्ध कायदेशीर तक्रार केली होती. त्यांचं ऐकलं गेलं नाही ते सोड. पण पायाखालच्या जमिनीवर तक्रार करणं म्हणजे नखरे नव्हेत, एवढं तुझ्या मुख्याध्यापकांना सांगायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

गोलचे खांब बहुतेक गावातल्या वेल्डरने केलेले असतात, वजनदार आणि पायाला अपुरा आधार असलेले. नियम एकच आहे, हलवता येणारा गोलसुद्धा जमिनीला पक्का बांधलेला हवा. मागच्या पाइपवर वाळूची पोती टाक, दोन्ही बाजूंना खुंट्या ठोक. आडव्या दांडीला लोंबकळणारं पोरगं दिसलं की त्या दिवसापुरतं बाहेर बसव, मग तो कॅप्टन का असेना. सरावापुरते खांब जुन्या गादीच्या फोमने आणि फाटक्या चादरीने माणसाच्या उंचीएवढे गुंडाळून सुतळीने बांध. फाटक्या चादरींची कमतरता आपल्या गावात नाही.

मैदान एवढं झालं, मग सामान. नियमाप्रमाणे शिनगार्ड हवंच, मोज्याच्या आत. पोरं टिचभर शिनगार्ड घालतात, कारण टीव्हीवरचे खेळाडू तसं घालतात. नडगीच्या मापाचं घ्यायला लाव. कडं, ताईत, अंगठी, बाळी, काही चालत नाही. वर चिकटपट्टी लावलेलीसुद्धा नियमात बसत नाही. ताईत काढायला आईचा विरोध असेल तर तो तुझ्या खिशात राहील असं सांग, आया ऐकतात. स्टड मैदानाप्रमाणे बदलायला हवेत. कडक जमिनीवर आणि टर्फवर लांब दातांचे बूट घातले की पाय अडकतो, गुडघा फिरतो, माणूस तोंडावर येतो. एकच जोड परवडत असेल तर छोट्या गोळ्यांचा घ्यायला सांग. दातांचं गार्ड दातांसाठी चांगलं, त्याने मेंदूचं रक्षण होत नाही.

चेंडूकडे कुणी बघत नाही. आपली पोरं सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर हवा भरून आणतात आणि चेंडू टणटणीत वाजला की खूश होतात. पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅम, आणि हवा नियमाप्रमाणे साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. हा पल्ला मोठा आहे. हेडिंग शिकवायचं तर खालच्या टोकाला राहा. गेज लावलेला साधा पंप घे, हेडगार्डच्या पैशांत दोन येतील. बारा वर्षांखालच्यांना चार नंबरचाच चेंडू दे. 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाआधी 15 सप्टेंबरला राज्यभर दहा लाख पोरांना एका दिवसात फुटबॉल खेळवायचा सरकारी कार्यक्रम झाला, शाळांना चेंडू मिळाले. चेंडू आले याचा आनंदच आहे. चेंडूत हवा किती भरायची आणि तो कशावर खेळायचा, हे मात्र कुणी सांगायला आलं नाही.

हेडिंग किती घ्यायचं? लहानांना अजिबात नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. 2020 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने प्राथमिक शाळेच्या वयात सरावातलं हेडिंग काढून टाकलं. 2021 पासून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनासुद्धा सरावात आठवड्याला जोराचे हेडर दहाच्या वर घेऊ नका अशी सूचना आहे. यामागे इतिहास आहे. इंग्लंडचा जेफ ॲसल हेडरसाठी गाजलेला होता. 2002 मध्ये तो 59 व्या वर्षी मेंदूच्या विकाराने गेला आणि चौकशीत तो व्यवसायातून आलेला आजार ठरला. पुढे 2019 मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदू झिजण्याच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात इतरांच्या साडेतीनपट निघाले. ती मंडळी आयुष्यभर खेळलेली, आपली पोरं तेवढी खेळत नाहीत, म्हणून घाबरवू नकोस. पण वीस-वीस हेडर घ्यायला लावणारा मास्तर होऊ नकोस. फुग्यावर शिकव, मग हलक्या चेंडूवर. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, कपाळ पुढे, मान ताठ, आणि हात स्वतःच्या जागेत. कोपर वर आलं की सरावातसुद्धा शिट्टी मार. 2006 पासून पंचांनी मुद्दाम मारलेल्या कोपराला लाल कार्ड दाखवायला सुरुवात केली, त्यानंतर जर्मन लीगमध्ये डोक्याच्या दुखापती कमी झालेल्या दिसल्या. शिस्तीने जे होतं ते फोमने होत नाही.

आता तुझं हेडगार्ड. चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेक घालायचा ते सगळ्यांनी बघितलंय. 14 ऑक्टोबर 2006 ला रेडिंगविरुद्ध समोरच्या खेळाडूचा गुडघा लागून त्याची कवटी आत दबली होती. जानेवारीत तो परतला तो रग्बीची टोपी घालून आणि निवृत्त होईपर्यंत त्याने ती काढली नाही. त्याला ती हवी होती, कारण त्याचं हाड कमकुवत झालं होतं. टोपी हाड आणि कातडी सांभाळते. मेंदूचं दुखणं वेगळं. स्टीलच्या डब्यात दही घेऊन एसटीने बार्शीला जा. डब्याला पोचा येत नाही, दही मात्र फुटतं. बाहेरून डब्याला कितीही कापड गुंडाळलंस तरी तेच. अमेरिकेत अडीच हजारांहून जास्त शाळकरी खेळाडूंवर हे करून बघितलं, काहींना हेडगार्ड, काहींना नाही. मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांत फरक पडला नाही. उलट माझा अनुभव असा, की डोक्यावर काहीतरी आहे म्हटलं की पोरं डोकं घालतात जिथं पाय घालायला नको. नियमाने मऊ हेडगार्ड घालायला परवानगी आहे, कुणा पोराचे पालक आणणार असतील तर अडवू नकोस. शाळेचे पैसे मात्र मैदानात घाल.

आणि आता जे सगळ्यात कठीण. मार बसला, पोरगं उठलं, कपडे झटकले. तू धावत जातोस आणि विचारतोस, नाव काय तुझं, ही बोटं किती? मेंदूला धक्का बसलेलं पोरगंही नाव बरोबर सांगतं. 2014 च्या विश्वचषकाच्या फायनलला जर्मनीचा क्रामर मार लागूनही खेळत राहिला आणि थोड्या वेळाने त्याने पंचांनाच विचारलं, ही फायनलच आहे ना? तोपर्यंत लाखो लोक त्याला पळताना बघत होते. तू हे विचार: आपण कुठल्या मैदानावर आहोत? हाफ कुठला चाललाय? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी झाली, जिंकलो का? एक उत्तर अडखळलं, चेहरा कोरा दिसला, चालताना झोक गेला, डोकं दुखतंय म्हणाला, उजेड सोसेना, विनाकारण रडू आलं, यातलं एक जरी असलं तरी त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला. सगळी उत्तरं बरोबर आली, पण तुला आतून शंका असेल, तरीही संपला. बेशुद्ध पडलं नाही म्हणजे काही झालं नाही, हे डोक्यातून काढ. बहुतेक वेळा पोरं बेशुद्ध पडतच नाहीत.

पोराला मात्र "खेळतोस का" असं विचारू नकोस. "काय नाय ओ सर, खेळतो की," हेच उत्तर येणार. त्याला दहावीत खेळाचे सवलतीचे गुण हवेत, पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के खेळाडू आरक्षण आहे हे त्याच्या बापाने ऐकलंय, आणि सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत एक मॅच हरली की वर्ष गेलं. तो खोटं बोलतो असं नाही, त्याला थांबणं परवडत नाही. तुलाही परवडणार नाही, मॅच एक-एकवर असेल तेव्हा. म्हणून हा निर्णय तुझ्या हातात ठेवूच नकोस. शाळेतल्या एखाद्या बाई, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांना बाकावर बसव आणि मॅचआधीच पोरांसमोर सांग, डोक्याच्या बाबतीत बाई म्हणतील ते अंतिम. स्पर्धेआधी व्यवस्थापकांची बैठक होते तिथं उभा राहून विचार, डोक्याला मार लागला तर जादा बदली खेळाडू द्याल का. 2024 पासून खेळाच्या नियमांतच आयोजकांना ती मुभा आहे. कुणी विचारत नाही म्हणून कुणी देत नाही.

मैदानात आडव्या पडलेल्या पोराभोवती आपले लोक काय करतात ते तू बघितलंयस. एक जण कांदा फोडतो, एक चप्पल नाकाला लावतो, एक तोंडावर बाटली ओततो, आणि चौघे चादरीची झोळी करून उचलायला धावतात. सगळ्यांना मागे हटव. मान दुखतेय म्हणाला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा शुद्ध नाही, तर त्याला हलवायचं नाही. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून ठेवायचं, श्वास चालू आहे का बघायचं आणि 108 लावायचा. पाणी पाजायचं नाही. दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवरून सिव्हिलला न्यायचं तर अजिबात नाही. 2004 च्या डिसेंबरात बंगळूरला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्टियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलकीपरला धडकून कोसळला आणि गेला. एवढ्या मोठ्या मॅचला वैद्यकीय तयारी काय होती यावर नंतर देशभर ओरड झाली. शाळेच्या मॅचला दारात ॲम्ब्युलन्स नसते, पण गेट उघडं आणि समोर लावलेल्या गाड्या हटवलेल्या तरी असू शकतात. किल्ली कुणाकडे आहे ते मॅचआधी विचारून ठेव.

जाता जाता, गोल झाल्यावरची कोलांटउडी बंद कर. मिझोरामचा खेळाडू पीटर बियाकसांगझुआला 2014 मध्ये त्या उडीत मणका दुखावून गेला. 23 वर्षांचा होता.

डोक्याला मार लागलेलं पोरगं एकटं घरी पाठवायचं नाही. सोबत चिठ्ठी द्यायची, मराठीत, मोठ्या अक्षरात. आई तेलुगू किंवा कन्नड वाचत असेल तर वर्गातल्या पोराकडून तसं लिहून घे. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, नाकाकानातून पाण्यासारखं गळणं, उठवून न उठणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. झोपू द्यायचं नाही हा जुना समज आहे. डॉक्टरांनी बघितल्यावर झोपायला हरकत नसते, पण पहिले काही तास कुणीतरी जवळ हवं. अंगदुखीची ब्रुफेनसारखी गोळी किंवा ॲस्पिरिन मनाने द्यायची नाही, आत रक्तस्राव असेल तर तो वाढतो. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल बाजूला. मग चालणं, मग हलकं पळणं, मग चेंडू, मग धक्काबुक्की नसलेला सराव. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, त्रास परत सुरू झाला तर एक पायरी मागे. मॅच सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडूंना एकवीस दिवसांच्या आत सामन्यात उतरवत नाहीत; तूही तोच आकडा धर, म्हणजे घासाघीस होणार नाही. पहिलं दुखणं बरं व्हायच्या आत दुसरा धक्का बसला तर कोवळ्या वयात मेंदू सुजतो, क्वचित होतं, पण झालं की हातात काही राहत नाही.

चिठ्ठीच्या खाली 108 लिही आणि त्याखाली तुझा नंबर. बापाचा फोन येईल, "सर, पोरगं ठणठणीत आहे, शनिवारची मॅच आहे, घ्या की त्याला." तेव्हा बाईंचं नाव सांग, माझं सांग, इंग्लंडचं सांग, काय वाटेल ते सांग, पण त्याला घेऊ नकोस. पंप आणि शिनगार्ड नवी पेठेत मिळतील. वाळू कुठून आणायची ते मी बघतो.